भंडारा उधळला की चित्र का फुटते?

निपाणी भागातील एका तरुण व्हिडिओग्राफरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथ यात्रेचे चित्रीकरण त्यांनी १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) आणि सेकंदाला ५० फ्रेम या मापाने केले, प्रीमिअर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस मिनिटांची फिल्म बांधली, एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत ८ एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला ८ मेगाबिट माहिती) एक्स्पोर्ट केली आणि यूट्यूबवर चढवली. संगणकावर फिल्म स्वच्छ दिसत होती. यूट्यूबवर मात्र ढोलवाल्यांचे जवळचे शॉट बरे दिसतात आणि भंडाऱ्याची उधळण सुरू झाली की चित्राचे पिवळे चौकोन होतात. बिटरेट नेमका किती ठेवावा, आणि सरळ १०० ठेवला तर प्रश्न सुटेल का, असे त्यांनी विचारले आहे.

बेळगावात लग्ने, यात्रा आणि मिरवणुकांचे चित्रीकरण व संकलन करण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत. तुम्हाला आला तोच अनुभव मला अक्षतांनी दिला होता. मंगलाष्टका चालू असताना वधूवर, अंतरपाट, भटजी सगळे जागच्या जागी उभे असतात आणि चित्र आरशासारखे दिसते. 'सावधान' म्हटल्याबरोबर चारशे माणसांच्या हातून अक्षता सुटतात आणि पुढची दोन सेकंदे नवरीचा चेहरासुद्धा ओळखू येत नाही. कॅमेरा तोच, सेटिंग तेच, तरीही असे होते, म्हणजे दोष एकट्या आकड्यात नाही हे तेव्हाच माझ्या लक्षात आले.

तुम्ही आकडा मागितला आहे आणि तो मी पुढे देणारच आहे, परंतु त्याआधी चित्र कोणत्या टप्प्यावर बिघडले हे कळले पाहिजे. तुमची यात्रा प्रेक्षकापर्यंत पोहोचेपर्यंत तीनदा दाबली जाते, म्हणजे बारकावे टाकून फाइल लहान केली जाते: एकदा कॅमेऱ्यात, एकदा तुमच्या एक्स्पोर्टमध्ये आणि शेवटी यूट्यूबच्या सर्व्हरवर. तिसरे दाबणे कोणालाही टळत नाही, कारण यूट्यूब तुमची फाइल जशीच्या तशी कोणाला दाखवत नाही. तिच्यापासून लहानमोठ्या आकारांच्या स्वतःच्या प्रती तयार करते आणि प्रेक्षकाला त्यांतली एक मिळते. म्हणून एक्स्पोर्ट केलेली फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, उधळणीच्या ऐन भरातील फ्रेमवर थांबा, आणि कॅमेऱ्यातील मूळ क्लिपची तीच फ्रेम शेजारी ठेवा. मूळ क्लिपमध्येच चौकोन असतील तर एक्स्पोर्टची कोणतीही सेटिंग तुम्हाला वाचवू शकणार नाही. मूळ स्वच्छ आणि एक्स्पोर्ट खराब असेल तर चूक तुमच्या हातातली आहे. दोन्ही स्वच्छ असतील तर यूट्यूबच्या टप्प्याचा विचार करावा लागेल. फिल्म संगणकावर स्वच्छ दिसली असे तुम्ही म्हणता, पण चालत्या चित्रात डोळा फसतो. थांबवलेल्या फ्रेमवर विश्वास ठेवावा. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की थोडे नुकसान दुसऱ्या टप्प्यावर झाले आणि उरलेले तिसऱ्यावर.

आता भंडाराच का फुटतो ते पाहू. १०८० पी चे २५ फ्रेमचे चित्र अजिबात न दाबता ठेवायचे म्हटले, तर नेहमीच्या ८ बिट आणि ४:२:० रंगात (ही पद्धत पुढे सांगितली आहे) सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. तेच ८ एमबीपीएसमध्ये बसवायचे म्हणजे अठ्ठ्याहत्तर भागांतील सत्त्याहत्तर भाग टाकून द्यायचे. हे जमते, कारण एच.२६४ प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत नाही. ते फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडते, १०८० पी मध्ये असे आठ हजारांहून अधिक चौकोन होतात, आणि प्रत्येक चौकोनाबाबत आधीच्या किंवा पुढच्या फ्रेममध्ये असाच तुकडा कुठे आहे का हे शोधते. सापडला तर 'तो उचलून इकडे ठेव' एवढीच नोंद पुरते. मंडपाचा कापडी पडदा, स्टेजवर भाषण करणारे पाहुणे, देवळाचे शिखर हे सगळे असे उसन्या तुकड्यांवर निभावते. भंडाऱ्याचा कण मात्र मागच्या फ्रेममध्ये जिथे होता तिथे पुढच्या फ्रेममध्ये नसतो, त्याचा आकार बदललेला असतो, आणि असे लाखो कण एकाच वेळी उडत असतात. उसने घ्यायला काहीच सापडत नाही, प्रत्येक चौकोन नव्याने लिहावा लागतो, आणि बिट तर तेवढेच असतात. मग एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा प्रोग्राम, बारकावे टाकून देतो आणि चौकोनाला सरासरी पिवळा रंग फासून मोकळा होतो. पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा, चोर्ला घाटातले धुके आणि पाऊस, विसर्जन मिरवणुकीतला गुलाल, शिवजयंतीच्या चित्ररथांपुढचा धूर, ही सगळी याच जातीची चित्रे आहेत. आपल्या भागातल्या माणसाला ती टाळता येत नाहीत, कारण गिऱ्हाइकाला नेमके तेच हवे असते.

तुमची पहिली चूक इथे दिसते. १०८० पी ला ८ एमबीपीएस हा यूट्यूबने सुचवलेला आकडा खरा आहे, पण तो २४, २५ किंवा ३० फ्रेमसाठी आहे. ५० किंवा ६० फ्रेमसाठी त्यांचाच सल्ला १२ चा आहे. तुम्ही दुप्पट फ्रेम तेवढ्याच बिटांत बसवल्या. माझा स्वतःचा कल असा आहे की यात्रेची फिल्म २५ फ्रेमवरच बांधावी. ५० फ्रेमचे चित्रीकरण स्लो मोशनसाठी जरूर करावे, त्या क्लिपा २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (संकलनाच्या पट्टीवर) निम्म्या वेगाने सुंदर चालतात, परंतु अख्खी फिल्म ५० फ्रेमवर चढवून प्रत्येक फ्रेमचा वाटा कमी करण्यात फायदा नाही. खेळाच्या सामन्यांचे चित्रीकरण करणारा माणूस माझ्याशी सहमत होणार नाही, आणि त्याच्या कामापुरते त्याचे बरोबर आहे.

आता आकडा. सुचवलेला बिटरेट ही किमान गरज समजावी, कारण ती फाइल पुढे पुन्हा दाबली जाणार आहे आणि एकदा पडलेले चौकोन यूट्यूबचा एन्कोडर खरा तपशील समजून त्यांच्यावरही बिट खर्च करतो. मी १०८० पी, २५ फ्रेमची फाइल १६ ते २० एमबीपीएसवर काढतो आणि उधळण, पाऊस, धूर जास्त असेल तर ३० पर्यंत जातो. चार-के (३८४० बाय २१६० पिक्सेल) असेल तर यूट्यूबचा सल्ला २५ फ्रेमसाठी ३५ ते ४५ चा आहे. मी ५० ते ६० ठेवतो. १०० ठेवल्याने चित्र बिघडत नाही, पण १०८० पी मध्ये ३० च्या पुढे प्रेक्षकाला फरक दिसल्याचा माझा अनुभव नाही, कारण त्यापुढची मर्यादा यूट्यूबच्या प्रतीची असते. खर्च मात्र वाढतो. तुमची वीस मिनिटांची फिल्म २० एमबीपीएसवर ३ जीबी होईल, १०० वर १५ जीबी. गावाकडच्या जोडणीवर अपलोडचा खरा वेग ५ एमबीपीएस धरला, तर पहिलीला एक तास वीस मिनिटे लागतात आणि दुसरीला पावणेसात तासांच्या आसपास, तेही मध्ये वीज गेली नाही तर. म्हणून तुमच्याकडे फायबर आहे की मोबाइलचा हॉटस्पॉट, यावरही हे उत्तर अवलंबून आहे.

बिटरेटपेक्षा जास्त फरक मला एका वेगळ्या गोष्टीने पडलेला दिसला, आणि भंडाऱ्यासाठी मी तुम्हाला तीच आधी करायला सांगेन. लहान चॅनेलवर १०८० पी ची फाइल चढवली की यूट्यूब बहुतेक वेळा तिची प्रत एच.२६४ मध्येच करते आणि त्या प्रतीला बिट फार कमी देते. तीच फिल्म १४४० पी किंवा चार-के आकारात चढवली की प्रत व्हीपी९ मध्ये तयार होते आणि वरच्या आकारांना बिटही बरेच जास्त मिळतात. व्हीपी९ हा एच.२६४ च्या नंतरच्या पिढीचा कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) असल्यामुळे तेवढ्याच बिटांत तो जास्त तपशील राखतो. याची यूट्यूबने लेखी हमी दिलेली नाही, पण चालू व्हिडिओवर उजवे क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडले की कोडेकच्या ओळीत एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४) आहे की व्हीपी०९ (म्हणजे व्हीपी९) हे तुम्हाला स्वतःला पाहता येते. त्यामुळे चित्रीकरण १०८० पी चे असले तरी मी टाइमलाइन तीच ठेवून एक्स्पोर्टच्या वेळी आकार ३८४० बाय २१६० करतो. असे केल्याने चित्रात नवा तपशील येत नाही, हे गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगावे आणि त्या फिल्मला 'चार-के शूटिंग' म्हणून पैसे लावू नयेत. परंतु असलेला तपशील प्रेक्षकापर्यंत जास्त शाबूत पोहोचतो. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही या आकारापर्यंत एक्स्पोर्ट करता येते, त्यामुळे सॉफ्टवेअरची अडचण सांगण्याचे कारण नाही.

याला जोडून एक गोष्ट माझ्या फजितीतून सांगतो. एका लग्नाची फिल्म चढवल्यावर पाचच मिनिटांत मी लिंक पाठवून दिली. तासाभरात नवऱ्या मुलाच्या काकांचा फोन आला: "काय हो, मोठ्या टीव्हीवर लावलो तर सगळं भरडल्यासारखं दिसतंय की! एवढे पैसे घेऊन हेच केलात काय?" यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करून व्हिडिओ उघडा करते आणि मोठ्या आकारांच्या प्रती मागाहून येतात, चार-के असेल तर त्याला तासन्‌तास लागू शकतात. काकांनी ती पहिली, ३६० पी ची प्रत बावन्न इंची पडद्यावर पाहिली होती. तेव्हापासून मी फिल्म आदल्या रात्री 'अनलिस्टेड' (लिंक असेल त्यालाच दिसणारी) म्हणून चढवतो, सकाळी गिअरच्या खुणेत २१६० पी दिसते का ते पाहतो आणि मगच लिंक देतो.

इथवरचे पुन्हा एकदा दोन वाक्यांत सांगतो: आधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते थांबवलेल्या फ्रेमवर शोधावे, आणि यूट्यूबला तिच्या दाबण्यासाठी भरपूर माल द्यावा. फिल्म २५ फ्रेमवर बांधून मोठ्या आकारात, सढळ बिटरेटने दिली की तुमची निम्म्याहून अधिक तक्रार मिटेल.

एक्स्पोर्टच्या खिडकीतल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. कोडेक एच.२६४, प्रोफाइल हाय, फाइल एमपी४. एचईव्हीसी, म्हणजे एच.२६४ च्या पुढची पद्धत, निवडले तर तेवढ्याच दर्जाला फाइल लहान होते, त्यामुळे अपलोड मंद असेल तर ते विचार करण्यासारखे आहे. मात्र जुन्या संगणकावर एक्स्पोर्ट फार रेंगाळते. बिटरेटसाठी व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट), दोन पास निवडावे, कारण पहिल्या फेरीत एन्कोडर उधळण कुठे आहे हे पाहून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत भाषणाच्या शॉटमधले बिट वाचवून तिकडे देतो. १०८० पी ला सरासरी २० आणि कमाल ४० अशी जोडी मला सोयीची वाटते. दोन पाससाठी प्रीमिअरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग सोडून सॉफ्टवेअर एन्कोडिंग घ्यावे लागते, आणि एक्स्पोर्टला अर्थातच जास्त वेळ लागतो. ग्राफिक्स कार्डाने केलेले एन्कोडिंग वाईट नाही, पण बिट अपुरे असतील तेव्हा ते आधी हार मानते. बिट सढळ असतील तर फरक शोधून सापडत नाही. 'यूज प्रिव्ह्यूज' हा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर संकलनासाठी तयार झालेली हलक्या दर्जाची तात्पुरती चित्रे फिल्ममध्ये शिरू शकतात. आकार बदलत असाल तर 'मॅक्झिमम रेंडर क्वालिटी' चालू ठेवावी. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्‌झ, ३८४ केबीपीएस.

रंगाबाबत मात्र थोडे थांबले पाहिजे. टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट दोन्ही रेक.७०९ (नेहमीच्या एचडी व्हिडिओचे रंगमाप) मध्येच असावेत. हल्ली यात्रेत मित्रांच्या आयफोनवरच्या क्लिपा मिसळल्या जातात आणि त्या बऱ्याचदा एचडीआर (जास्त उजेडाच्या वेगळ्या मापाच्या) असतात. त्या तशाच टाइमलाइनवर टाकल्या की भंडारा पिवळा न दिसता पांढरा जळालेला दिसतो आणि लोक एक्स्पोर्टला दोष देतात. अशा क्लिपा आधी रेक.७०९ मध्ये बदलून घ्याव्यात. दुसरे असे की ४:२:० पद्धतीत प्रकाशाची नोंद प्रत्येक पिक्सेलला होते, पण रंगाची नोंद चार पिक्सेलांना मिळून एकच असते. म्हणून भगव्या झेंड्याची कडा, कुंकवाचा मळवट, लाल शालूचा काठ हे पांढऱ्या सदऱ्यापेक्षा लवकर पसरतात. मोठ्या आकारात चढवण्याचा इथेही उपयोग होतो. नावांच्या पाट्या करताना पिवळ्यावर लाल अक्षरे मी टाळतो, आणि बारीक वळणाचा देवनागरी फाँटही टाळतो, कारण एक-दोन पिक्सेल जाडीची शिरोरेषा लहान प्रतीत लुकलुकते आणि 'श्री' चा नुसता ठिपका उरतो. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पाट्या देत असाल तर जाड अक्षर, पांढरा रंग आणि खाली हलकी काळी सावली एवढे पुरते. कन्नड अक्षरांच्या गोलाया त्यामानाने बऱ्या टिकतात, आपल्या शिरोरेषेचे मात्र हाल होतात.

रात्रीच्या पालखीचे शॉट असतील तर एक्स्पोर्टआधी त्यांतला नॉइज काढावा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर काढलेल्या काळ्या आकाशात दर फ्रेमला नवी रवाळ खळबळ असते आणि एन्कोडरला ती भंडाऱ्यासारखीच वाटते. माणसांच्या चेहऱ्यांना मिळायचे बिट तो अंधारावर उधळतो. केवळ त्या शॉटना हलका डीनॉइज दिला की बिटरेट न वाढवता चेहरे सुधारतात. याउलट, चित्र 'कुरकुरीत' दिसावे म्हणून शार्पनिंगची पट्टी शेवटपर्यंत ओढणे हा आपल्या धंद्यातला सार्वत्रिक रोग आहे. भंडाऱ्याच्या प्रत्येक कणाला काळी कडा येते आणि फुटण्याचे प्रमाण आणखी वाढते. चित्रीकरणाच्या वेळीच शटर १/५० सेकंद ठेवले तर कण किंचित ओघळलेले येतात, एन्कोडरला ते झेपतात, आणि ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणारे दिवेही लुकलुकत नाहीत. दुपारच्या उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लागेल. १/१००० वर गोठवलेला भंडारा फोटोत देखणा दिसतो, व्हिडिओत तो डोकेदुखी ठरतो.

मिळालेल्या क्लिपांबाबत एवढेच सांगतो की व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला व्हिडिओ आधीच निम्मा गेलेला असतो. मी या धंद्यात आलो तेव्हा लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून मामांसाठी प्रत, त्या प्रतीवरून मावशींसाठी प्रत, असे चालत असे, आणि मावशींच्या घरी पोहोचेपर्यंत शालूचा रंग शेजारच्या पाहुण्यांच्या अंगावर सांडलेला असे. आजचे प्रकरण त्यापेक्षा वेगळे नाही. क्लिप 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी; २ जीबीपर्यंतची फाइल तशी न दाबता येते. फोनचे चित्रीकरण बहुधा बदलत्या फ्रेमरेटचे असते, त्यामुळे ढोलाचा ठोका आणि टिपरू हळूहळू फारकत घेतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून, आरएफ (दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला) १६ ते १८ वर एकदा बदलून मगच टाइमलाइनवर आणावे. गिऱ्हाइकाला नातेवाइकांसाठी फिल्म द्यायची असेल तर तीही डॉक्युमेंट म्हणूनच द्यावी आणि तिच्यासाठी १०८० पी, १० ते १२ एमबीपीएसची वेगळी प्रत काढावी. इन्स्टाग्रामच्या रीलसाठी १०८० बाय १९२० पेक्षा मोठे पाठवून उपयोग होत नाही. अॅपच्या सेटिंगमध्ये उच्च दर्जाच्या अपलोडचा पर्याय मात्र चालू करून ठेवावा.

एवढ्या सगळ्या प्रती काढायच्या तर प्रत्येक वेळी प्रकल्प नव्याने रेंडर करण्यापेक्षा एकदा डीएनएक्सएचआर एचक्यू या कमी दाबणाऱ्या कोडेकमध्ये मास्टर (मूळ प्रत) काढून ठेवावा आणि यूट्यूबची, व्हॉट्सअॅपची, पेनड्राइव्हची प्रत त्याच्यावरून करावी. १०८० पी, २५ फ्रेमला तो मिनिटाला साधारण १.४ जीबी जागा खातो, म्हणजे तुमची फिल्म २८ जीबीच्या आसपास जाईल. पावसाळ्यात आमच्या भागात वीज दिवसातून चारदा जाते-येते, त्यामुळे जड रेंडर एकदाच पार पडण्याचे सुख काय असते ते तुम्हालाही ठाऊक असेल.

आता तुम्ही असे करा. उधळणीचा सर्वांत दाट असा चाळीस सेकंदांचा तुकडा निवडा आणि त्याच्या तीन फाइली काढा: १०८० पी, २५ फ्रेम, २० एमबीपीएस, तीच १०० एमबीपीएसवर, आणि ३८४० बाय २१६० आकारात ५५ एमबीपीएसवर. तिन्ही अनलिस्टेड चढवा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी तुमच्या फोनवर व घरातल्या टीव्हीवर दर्जा हाताने निवडून एकाच फ्रेमवर थांबवून पाहा. पहिल्या दोघींत फरक नाही आणि तिसरीत ढोलवाल्याच्या कपाळावरचा भंडारा वेगळा उठून दिसतो, असे बहुधा आढळेल. तसे न आढळल्यास मूळ क्लिपची आणि एक्स्पोर्टची तीच फ्रेम, आणि कॅमेऱ्याची बिटरेटची सेटिंग एवढे मला पाठवा. मग कॅमेऱ्यापासून सुरुवात करू.